टकटकबाईची वायर

आधीच सांगून टाकतो, वायर मी कापली. ज्या बाईला हे सांगायला हवं होतं तिला सांगायला मला त्या दिवशी साडेचार तास लागले, आणि तेवढ्या वेळात ती मला जितकी कळली तितकी आधीच्या सहा वर्षांत कळली नव्हती. म्हणून ही गोष्ट तिची आहे. माझा त्यात हात आहे तो पक्कड धरण्यापुरता.

मी घड्याळजी. चाळीस वर्षं एका डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं उघडली. मग डोळ्यांनीच रजा मागितली, तेव्हा दुकान बंद करून घरी बसलो. घड्याळवाल्याचे कान फार चांगले असतात, आणि हेच वाईट असतं. टिकटिक लयीत असली की मला ऐकूही येत नाही, लय चुकली की झोपेतून उठतो. आणि आमच्या बरोबर डोक्यावर, चौथ्या मजल्यावर, सकाळी नऊपासून एक टकटक सुरू व्हायची, तिला लय म्हणून नव्हती. एकदम धबधबा, मग शांत, मग पुन्हा धबधबा. मी त्या बाईचं नाव टकटकबाई ठेवलं. आमची ही म्हणायची, अहो, ती काम करत असेल. मी म्हणायचो, काम करणारी माणसं सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडतात.

दीड वर्षापूर्वी मी एकदा झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. ती खाली आली. पन्नाशी ओलांडलेली, शिडशिडीत, केस घट्ट बांधलेले, आणि आवाज इतका हळू की ऐकायला पुढे झुकावं लागावं. म्हणाली, काका, माझं कामच तसं आहे. मी म्हणालो, मग त्या कामाखाली एखादी गादी घाला. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, बरं म्हणाली आणि वर गेली. तेव्हापासून बोलचाल बंद. जिन्यात समोरासमोर आलो की ती पायऱ्या मोजायची आणि मी टपालाच्या पेट्या वाचायचो. टकटक मात्र थोडी कमी झाली होती. ती माझ्या दांड्याला घाबरून कमी झाली असं मी चार लोकांत छाती फुगवून सांगत होतो.

तिचं काम काय ते मला नंतर कळलं, पण इथेच सांगतो. बावीस वर्षं ती कोर्टात लघुलेखक होती. साक्षीदार बोलणार, वकील एकमेकांच्या बोलण्यावर बोलणार, न्यायाधीश दोघांना गप्प करणार, आणि ही ते सगळं शब्दाला शब्द उतरवणार. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा नोकरी सोडली आणि घरून होईल असं काम शोधलं. ज्या मुलांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ती टाइप करते. तिकडे वर्गात मास्तर बोलतात, ते फोनवरून हिच्या कानात येतं, आणि हिने टाइप केलेली अक्षरं नेटवरून त्या मुलाच्या पुढ्यातल्या पडद्यावर उमटतात. आवाज फोनवरून घ्यायचा, कारण नेटवरून तो तुटत तुटत येतो. सासू गेली, काम राहिलं.

टाइप करताना ती डोळे मिटते. डोळे उघडे असले की कान अर्धे होतात, असं तिचं म्हणणं. आणि कोर्टातून आणलेला एक नियम ती जिवापाड सांभाळते. बोललं गेलं तेवढंच लिहायचं, पदरचा शब्द घालायचा नाही. फार तर कंसात टाकायचं, आवाज स्पष्ट नाही किंवा दोघे एकदम बोलत आहेत, एवढंच.

तिच्या या मुलांत एक मुलगी होती. नवव्या वर्षी तापात कान गेले, बोलणं राहिलं. ती गुरांची डॉक्टर व्हायला निघाली होती. चार वर्षं वर्गातलं प्रत्येक वाक्य तिला टकटकबाईच्या बोटांतून मिळालं, पण दोघींनी एकमेकींना एकदाही पाहिलेलं नव्हतं. गेल्या वर्षी शेवटच्या तोंडी परीक्षेला कॉलेजने सांगितलं की लिहून देणारं माणूस चालणार नाही. परीक्षक तोंडापुढे कागद धरून बोलत राहिले, मुलगी त्यांचे ओठ शोधत राहिली आणि नापास झाली. या वर्षी तिने अर्जांवर अर्ज केले, तेव्हा कुठे परवानगी मिळाली, तीही अटींसकट. वेळ पंचवीस मिनिटं, यंत्र बिघडलं तरी एक मिनिट वाढवून मिळणार नाही. लिहिणाऱ्याने उत्तर सुचवल्याचं दिसलं तर परीक्षा रद्द. आणि दुसऱ्यांदा नापास झाली तर कॉलेजातून नाव कमी.

ती परीक्षा ज्या दिवशी अकरा वाजता होती, त्याच दिवशी मी खिडकीत उभा राहून टकटकबाईची वायर कापली.

तीन आठवडे गच्चीवरून एक काळी वायर आमच्या खिडकीबाहेर लोंबत होती. वारा आला की काचेवर थाप मारायची. डोक्यावर टकटक, कानाशी थापा. सोसायटीच्या सेक्रेटरींना तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा ते हो म्हणाले. आधीच्या भाडेकरूच्या टीव्हीची ही मेलेली वायर असणार असं मी ठरवून टाकलं. दुकानात माझ्या हाताखाली जो कोणी शिकला त्याला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचो, की कुठलंही चाक काढण्याआधी ते कोणाला फिरवतंय ते बघ. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! आमच्या हिला पडदा धरायला सांगितलं, पक्कड घेतली, वायर दोन ठिकाणी कापली आणि मधला हातभर तुकडा कचऱ्याच्या डब्यात टाकला. काचेवरची थाप थांबली. सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर गेली, अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. वरची टकटक चालूच होती, त्यामुळे मला शंकाही आली नाही. पेपर उघडून बसलो.

वर ती डोळे मिटून टाइप करत होती. फोन चालू होता, आवाज स्वच्छ येत होता, बोटं पळत होती, आणि एक अक्षरही घराबाहेर जात नव्हतं. सहा मिनिटं असं चाललं. मग तिच्या कानात एक परीक्षक म्हणाले की आम्ही वासराचं विचारतोय, तुम्ही गाईचं काय सांगताय. तिने डोळे उघडले. पडद्याच्या तळाशी लाल पट्टी होती आणि तिच्या सगळ्या ओळी तिथेच तुंबल्या होत्या.

आता तिची गोची बघा. मुलीचा फोन तिकडे परीक्षकांपुढे टेबलावर पालथा ठेवलेला. हिची टकटक परीक्षेत ऐकू जाऊ नये म्हणून त्याचा आवाज पूर्ण बंद केलेला. म्हणजे हिला सगळं ऐकू येत होतं आणि हिने टाहो फोडला तरी तिकडे कोणाला ऐकू गेलं नसतं. फोन तोडला तर पुन्हा उचलणार कोण? आणि तिचा फोन जुना, बोलणं चालू असताना त्यावर नेट चालत नाही. तिकडे मुलगी कोऱ्या पडद्यापुढे बसून ओठांवरून अंदाज बांधत होती आणि चुकत होती. मजकूर थांबला तर हात वर करायचा असं दोघींचं ठरलेलं होतं. पण तिने हात वर केला नाही. यंत्र बंद पडलंय म्हटल्यावर हे लोक परवानगीच काढून घेतील, ही तिला भीती. हे तिने मागाहून कळवलं.

मला खाली एवढंच कळलं की टकटक वाक्याच्या मधेच तुटली. मग धावती पावलं, मग जिना, मग आमची बेल, आणि बेलवरचं बोट काही उठेना.

दार उघडलं तर दीड वर्ष न बोललेली बाई समोर. एका हातावर उघडा लॅपटॉप, काखेत कीबोर्ड, कानात फोनची वायर.

"काका, तुमच्याकडे नेट आहे ना, तुमच्या मुलीने बसवलेलं? मला द्या. काही विचारू नका, मला ऐकायचंय."

आमची ही माझ्याआधी हलली. टेबलावर निवडायला घेतलेली भाजी तिने एका फटक्यात बाजूला सारली. बाई बसली आणि बसताक्षणी टाइप करायला लागली, कारण तिकडे बोलणं थांबलेलं नव्हतं आणि नेट नसलं तरी बोललेलं साठवायला हवं होतं. मधेच तिने फक्त म्हटलं, पासवर्ड.

पासवर्ड मला कुठे माहीत? आमची मुलगी आली होती तेव्हा तिनेच सगळं जोडून दिलं होतं, आम्ही आपले नातवाचं तोंड बघण्यापुरते. नेटचा डबा उलटा केला. बुडाला चिठ्ठी होती, तिच्यावर मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. कपाटातून माझं जुनं भिंग काढलं आणि डोळ्याला लावलं. मोठ्याने वाचावं तर तिच्या कानातलं बोलणं बुडणार, म्हणून एकेक अक्षर पेपरच्या समासात मोठं काढत गेलो. तिने दोन वाक्यांच्या फटीत डोळे उघडले, पेपरवरून अक्षरं मारली आणि मान हलवली. चुकलं होतं. मी पुन्हा भिंग लावलं. मधलं एक अक्षर मी गाळलं होतं. ते घातलं, तिने पुन्हा मारलं, आणि लाल पट्टी गेली. घड्याळात सव्वाअकरा होऊन एक मिनिट झालं होतं.

नऊ मिनिटं उरली होती. तुंबलेला मजकूर सोडण्याआधी तिची बोटं थबकली. मला वाटलं, एक ओळ लिहून टाकावी तिने, अगं, वासराचं विचारलं होतं त्यांनी. मी तसं पुटपुटलोही, सांगून टाका ना तिला. बाईने नकारार्थी मान हलवली आणि कंसात एवढंच लिहिलं:

(११:०४ ते ११:१६ मजकूर पोहोचला नाही. तो आता क्रमाने येत आहे.)

ते मी वाचलं. अकरा वाजून चार मिनिटं. मी काचेकडे पाहिलं, मग कचऱ्याच्या डब्याकडे. आमची ही माझ्याकडे बघत होती. पन्नास वर्षांच्या संसारात बाईमाणसाला नवऱ्याची मान कुठे वळली एवढंच पुरतं.

पुढचं सगळं मी पडद्यावर वाचलं. कानात काहीच येत नव्हतं, म्हणजे तिकडची मुलगी आणि मी एकाच नावेत होतो. परीक्षकांनी पुढचा प्रश्न विचारला. मुलगी म्हणाली, थांबा, मला आधीचं वाचू द्या. परीक्षक म्हणाले, वेळ थांबणार नाही. त्यानंतर पडद्यावर काही उमटेना. बाईची बोटं कीबोर्डवर टेकलेली, डोळे मिटलेले. मी नेटच्या डब्याचे दिवे पाहिले, ते चालू होते. अर्धं मिनिट गेलं, पाऊण गेलं. मी आयुष्यभर सेकंदांवर पोट भरलं, पण सेकंद इतका लांब असू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. मग एकदम अक्षरं धावायला लागली. मुलगी म्हणत होती की तुमचे तीन प्रश्न माझ्यापर्यंत आलेच नव्हते, मी ओठांवरून अंदाज केला, ती उत्तरं त्या प्रश्नांची नाहीत, आता तिन्हींची देते. आणि ती सुटली. वासराचा श्वास, नाळ, औषधाचं प्रमाण, मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण ती कुठे अडखळत नव्हती. बाईच्या कपाळावरून घाम ओघळून हनुवटीपर्यंत आला, तरी हात पुसायला उठला नाही.

वेळ संपली, असं एकाने म्हटलं. मग दुसऱ्या परीक्षक बाईंचं वाक्य उमटलं. मजकूर का तुटला याचं लेखी कारण आज पाचच्या आत पाठवा. कारण बाहेरचं असेल आणि पुराव्यानिशी असेल तर ही उत्तरं धरू. लिहिणाऱ्यांचा हलगर्जीपणा असेल तर धरता येणार नाहीत.

तिने फोन ठेवला आणि घाम पुसला. म्हणाली, "काका, आज तुमच्यामुळे वाचलं."

मी म्हणालो, "त्यात काय."

लाज म्हणजे काय ते मला त्या दोन शब्दांनी शिकवलं. ते तोंडातून गेल्यावर परत घेता येईनात, आणि ती लॅपटॉप उचलून वर गेलीही. मनाची समजूत घालायला वकील लागत नाही. कारण बाहेरचंच आहे, वायर तुटली एवढं कळवलं की झालं, कोणी तोडली हे कोण विचारतंय?

जेवायला बसलो तर ताटाशेजारी तो हातभर काळा तुकडा ठेवलेला होता. कचऱ्यातून काढून, पुसून. हिने वाढलं आणि ती समोर बसली. तुकडा मी खिशात टाकला.

दोन वाजता नेटवाला आला. जिन्यातलं बोलणं मला दारामागून ऐकू येत होतं. तो म्हणाला, चौथ्या मजल्याच्या वायरचा खाली लोंबलेला झोळ तुटलेला नाही, पक्कड लावून कापलाय, तुकडाच गायब आहे. सेक्रेटरींनी तिथल्या तिथे छडा लावला. बाजूच्या भिंतीवर परांची बांधून एक रंगारी काम करत होता, त्याचंच हे काम. रंगारी शपथा घेत होता. सेक्रेटरी कंत्राटदाराला फोनवर सांगत होते की उद्यापासून हा माणूस इथे नको. मी दाराची कडी दोनदा हातात धरली आणि दोनदा सोडली. माझं वय एकाहत्तर.

साडेतीनला ती पुन्हा आली. कारणाचं पत्र तयार करायचं होतं आणि पुरावा म्हणून माझी साक्ष हवी होती. तुमची खिडकी तिथेच आहे, रंगाऱ्याला तुम्ही पाहिलं असेल, वर चला, तुम्ही सांगा, मी टाइप करते. मी आमच्या हिच्याकडे पाहिलं. तिने नुसता माझा चष्मा आणून दिला.

सहा वर्षांत मी पहिल्यांदा वर गेलो. एक खुर्ची, एक टेबल, भिंतीवर सासूचा फोटो. टेबलाचे चारही पाय गोधडीच्या जाड घड्यांत गुंडाळून सुतळीने बांधलेले होते. टेबलाखाली गादी अंथरलेली होती आणि कीबोर्डखाली घोंगडी. सगळ्यावर दीड वर्षाची धूळ आणि झीज होती. कामाखाली गादी घाला, असं मीच म्हणालो होतो.

ती बसली, डोळे मिटले आणि म्हणाली, "बोला."

मी म्हणालो की मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. बोटं चालली. आज सकाळी मी खिडकीत उभा होतो. बोटं चालली.

"वायर मी कापली."

बोटं थांबली नाहीत. बावीस वर्षांची सवय, वाक्य कानात पडलं ते कागदावर गेलं. पूर्णविराम पडल्यावर मात्र हात तसेच राहिले आणि तिने डोळे उघडून पडद्यावर वाचलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

मी म्हणालो, "मला वाटलं ती मेलेली आहे. मी तपासलं नाही. आणि सकाळी तुम्ही आभार मानलेत तेव्हा मला कळलेलं होतं."

ती हळू म्हणाली, "हे लिहायचं, की नुसतं बोलताय?"

"लिहा. सगळं लिहा. रंगाऱ्याचा यात काही संबंध नाही, तेही लिहा."

"किती वाजता कापलीत?"

"अकरा वाजून चार मिनिटांनी."

तिने ते लिहिलं. मग कोर्टाच्या रीतीप्रमाणे म्हणाली, वाचून दाखवते, ऐका. आणि माझा कबुलीजबाब तिने तिच्या त्या हळू आवाजात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. माझं पाप मी दुसऱ्याच्या तोंडून, एकही शब्द न बदलता ऐकलं. संपल्यावर तिने विचारलं, बरोबर आहे? मी बरोबर आहे म्हणालो आणि सही केली. तुकडा टेबलावर ठेवला, तिने त्याचा फोटो काढला.

मी दाराशी पोचलो तेव्हा ती म्हणाली, "काका, आज मला तुमच्याशी बोलता येणार नाही. राग आलाय."

मी मान हलवली. उतरताना सेक्रेटरींचं दार वाजवलं आणि रंगाऱ्याचंही सांगून टाकलं. तो दुसऱ्या दिवशी कामावर आला. मला बघून त्याने तोंड फिरवलं, ते बरोबरच होतं.

त्यानंतरचे आठ दिवस मी टकटक ऐकत काढले. पूर्वी तिच्यावर चिडायचो, आता ती थांबली की घड्याळ बघायचो. माझी अकरा-चारची वेळ आणि तिकडच्या यंत्रातली वेळ मिनिटाला मिनिट जुळली, म्हणून कॉलेजने कारण मान्य केलं होतं, एवढं आमच्या हिने तिच्याकडून काढून आणलं होतं. उत्तरं पुरेशी होती की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं.

नवव्या दिवशी दुपारी टकटक मधेच थांबली. पावलं, मग जिना. बेल एकदाच वाजली.

"पास झाली," ती दारातूनच म्हणाली. तिचे डोळे भरलेले होते. माझेही भरले, लपवण्यात अर्थ नव्हता. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि आठ दिवस जे मनात घोळत होतं तेच तोंडातून गेलं.

"बाई, ती टेबलाखालची गादी काढून टाका आता."

ती दोन पायऱ्या चढली होती. तिथूनच वळून म्हणाली, "नको काका. खाली माणसं राहतात."